सामायिक रजिस्टर आणि ड्रायव्हर-संहितेची समीक्षा : एक चिकित्सक विचार

प्रास्ताविक

महाविद्यालयीन स्तरावर संगणकशास्त्राचे अध्यापन करताना संहितालेखनास जेवढे महत्त्व दिले जाते तेवढे संहितावाचनास दिले जात नाही. भाषा व साहित्याच्या विभागांत स्थिती नेमकी उलट आहे. तेथे संहिता ही प्रथम वाचण्याची, तिच्यातील गाळलेल्या जागा ओळखण्याची आणि मगच तिच्याविषयी बोलण्याची वस्तू मानली जाते. संगणकाच्या प्रोग्रॅमलाही आपण ‘संहिता’ म्हणू लागलो, परंतु त्या शब्दाबरोबर येणारी वाचनाची शिस्त मात्र संगणक विभागात आली नाही. परीक्षक प्रोग्रॅम चालवून पाहतो, अपेक्षित आउटपुट मिळाले की गुण देतो. संहिता वाचली जात नाही.

प्रस्तुत लेखात या उणिवेचा विचार एका मर्यादित क्षेत्रापुरता केला आहे. लिनक्स कर्नेलमधील ड्रायव्हर जेव्हा यंत्रातील सामायिक रजिस्टरमध्ये लेखन करतात, तेव्हा त्या संहितेची समीक्षा कशी व्हावी, हा तो प्रश्न होय. क्षेत्र अरुंद वाटेल. पण ‘चालते म्हणजे बरोबर’ हा आपल्या प्रयोगशाळांतील निकष येथे जितक्या स्पष्टपणे कोसळतो तितका अन्यत्र क्वचितच कोसळत असेल. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या (स्थापना १९९४) परिसरातील नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली या जिल्ह्यांतून संगणकशास्त्र शिकून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी काही जण पुणे, हैदराबाद, बंगळूर येथे नेमके हेच काम करण्यास जातात. तेथे त्यांची संहिता दुसरा माणूस ओळ न् ओळ वाचतो. अशा वाचनाचा अनुभव त्यांना पदवीच्या वा पदव्युत्तर वर्गात एकदाही आलेला नसतो.

‘रजिस्टर’ या शब्दाचा घोटाळा

पहिली अडचण शब्दापासूनच सुरू होते. ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय शिकविणाऱ्या प्रत्येक प्राध्यापकाने सिल्बरशाट्झ, गॅल्विन व गॅग्ने यांच्या पुस्तकातील ते प्रसिद्ध उदाहरण फळ्यावर लिहिलेले असते. काउंटरचे मूल्य पाच आहे. एक प्रक्रिया त्यात एक मिळविते, दुसरी एक वजा करते. आणि दोहोंच्या पायऱ्या एकमेकींत मिसळल्या तर अखेरचे मूल्य चार, पाच वा सहा यांपैकी काहीही निघू शकते. उदाहरण उत्तम आहे. परंतु त्यात ‘रजिस्टर’ हा शब्द प्रोसेसरच्या आतील रजिस्टरसाठी येतो. ते रजिस्टर प्रत्येक प्रोसेसरचे स्वतःचे, खाजगी असते. सामायिक असतो तो स्मृतीतील काउंटर. विद्यार्थ्याच्या मनात त्यामुळे असे समीकरण पक्के होते की, रजिस्टर म्हणजे सुरक्षित जागा आणि स्मृती म्हणजे धोक्याची जागा.

ड्रायव्हर लिहिताना हाच शब्द अगदी विरुद्ध अर्थाने येतो. उपकरणाचे रजिस्टर हे उपकरणाच्या आत असते आणि प्रोसेसरला ते एखाद्या पत्त्यावर दिसते. यंत्रात चार प्रोसेसर-गाभे असले तरी ते रजिस्टर एकच असते. शिवाय ते स्मृतीसारखे निमूटही नसते. काही रजिस्टरांत केवळ वाचन केल्याने आतील नोंद पुसली जाते. काहींत एक लिहिले असता बिट शून्य होतो. काहींत उपकरण स्वतःच मध्ये बदल करते. आपल्या कार्यालयांतील आवक-जावक रजिस्टर हा या शब्दाचा तिसरा अर्थ, आणि गंमत अशी की उपकरणाच्या रजिस्टरशी त्याचेच नाते अधिक जवळचे आहे. वही एक, लिहिणारे अनेक.

बत्तीस बिटांच्या एका रजिस्टरमध्ये अनेक स्वतंत्र बाबींचे बिट शेजारी-शेजारी ठेवलेले असतात. जुन्या पद्धतीच्या रजिस्टरमध्ये एकट्या बिटावर लिहिण्याची सोय नसते. संपूर्ण मूल्य वाचावे लागते, आपल्यापुरते बिट बदलावे लागतात आणि संपूर्ण मूल्य परत लिहावे लागते. वाचणे, बदलणे, लिहिणे या तीन पायऱ्या. महाविद्यालयातील भिंतीवरच्या वेळापत्रकाचा दाखला येथे उपयोगी पडावा. विभागप्रमुखांनी वेळापत्रकाची नक्कल उतरवून घेतली आणि तिच्यात मंगळवारची तिसरी तासिका बदलली. त्याच वेळी उपप्राचार्यांनीही नक्कल उतरविली आणि गुरुवारची पहिली तासिका बदलली. विभागप्रमुखांनी आपला कागद चिकटविला, पाठोपाठ उपप्राचार्यांनी त्यावर आपला कागद चिकटविला. मंगळवारचा बदल नाहीसा झाला. दोघांनीही चूक केलेली नाही, दोघांच्याही नकला स्वतंत्रपणे तपासल्या तर निर्दोष आहेत. दोष त्या दोन कागदांच्या मधल्या वेळेत आहे आणि तो कोणत्याही एका कागदावर दिसत नाही.

या लेखाचा मुख्य मुद्दा येथेच येतो. सामायिक रजिस्टरला हात लावणाऱ्या संहितेच्या समीक्षकाने ‘हे फंक्शन बरोबर आहे काय?’ हा प्रश्न दुय्यम मानावयास हवा. त्याचा पहिला प्रश्न ‘या रजिस्टरमध्ये आणखी कोण लिहिते?’ हा असला पाहिजे. आणि त्या प्रश्नाचे उत्तर समोरच्या पानावर जवळजवळ कधीच नसते.

पाठ्यपुस्तकातील सांधा

ड्रायव्हर-लेखनाचे प्रमाणभूत पुस्तक म्हणून जोनाथन कॉर्बेट, अलेसान्ड्रो रुबिनी व ग्रेग क्रोआ-हार्टमन यांच्या ‘लिनक्स डिव्हाइस ड्रायव्हर्स’ या ग्रंथाच्या तिसऱ्या आवृत्तीचा (ओरायली, २००५) निर्देश आजही केला जातो. ती आवृत्ती कर्नेलच्या २.६.१० या रूपावर आधारलेली आहे आणि मुक्त परवान्याखाली विनामूल्य उपलब्ध असल्याने आपल्याकडील विद्यार्थ्यांना ती मिळण्यात अडचण नाही. ग्रंथाची योग्यता वादातीत आहे. लेखकांनी कर्नेलच्या अंतरंगाविषयी जी स्पष्टता आणली ती त्यापूर्वी फारशी कोठे नव्हती. तथापि सामायिक रजिस्टरच्या संदर्भात या ग्रंथाच्या मांडणीत एक फट राहिली आहे आणि ती दाखविणे आवश्यक वाटते.

ग्रंथाचे पाचवे प्रकरण समांतरता व तीतून उद्भवणाऱ्या स्पर्धास्थितीवर आहे, तर नववे प्रकरण उपकरणाशी संवाद साधण्यावर. पाचव्या प्रकरणात जे लॉक शिकविले आहे ते ‘स्कल’ या नमुना ड्रायव्हरच्या आधारे; आणि स्कल हे खरे उपकरण नाही, स्मृतीचाच एक तुकडा उपकरण म्हणून वापरलेला आहे. त्यामुळे लॉक कशाचे रक्षण करते, तर स्मृतीतील रचनेचे, असा बोध होतो. नवव्या प्रकरणात खऱ्या उपकरणाची रजिस्टरे येतात, परंतु तोवर लॉकचा विषय मागे पडलेला असतो. दोन प्रकरणे एकमेकांना भेटतात असे एखादे ठळक उदाहरण ग्रंथात आढळत नाही.

याच पाचव्या प्रकरणात एकेक बिट अखंडपणे बदलणाऱ्या फंक्शनांचाही परिचय आहे. ती फंक्शने स्मृतीसाठी आहेत. नवशिक्या वाचकाला मात्र ‘बिट अखंडपणे बदलतो, मग रजिस्टरसाठीही हेच वापरू’ असा मोह होणे स्वाभाविक आहे. उपकरणाच्या पत्त्यांवर ती वापरणे वैध नाही.

नमुना संहितेतील एक ओळ विशेष पाहण्यासारखी आहे. ‘शॉर्ट’ हा नमुना ड्रायव्हर संगणकाच्या समांतर पोर्टवर चालतो. या पोर्टला तीन रजिस्टरे : माहिती, स्थिती व नियंत्रण. नियंत्रण-रजिस्टरचा चौथा बिट (शून्यापासून मोजता) इंटरप्ट सुरू करतो. त्याखालचे चार बिट प्रिंटरकडे जाणाऱ्या निरनिराळ्या तारा हलवितात. इंटरप्टच्या प्रकरणात हा बिट सुरू करताना नमुना संहिता पूर्वीचे मूल्य वाचत नाही. सोळा हे मूल्य सरळ संपूर्ण रजिस्टरमध्ये लिहिते. परिणामी उरलेले चारही बिट शून्य होतात. त्यांपैकी एक बिट प्रिंटरला पुनःप्रारंभाचा संकेत देणाऱ्या तारेचा आहे आणि तो शून्य असणे म्हणजे तो संकेत चालू असणे. प्रिंटर जोडलेला असता तर तो त्याच अवस्थेत अडकून राहिला असता. लेखकांनी त्या प्रयोगात पोर्टचे नऊ व दहा क्रमांकाचे पिन तारेने जोडण्यास सांगितले आहे, प्रिंटर तेथे नाहीच; म्हणून संहिता चालते. नमुन्यापुरते हे क्षम्य आहे. मात्र ‘संपूर्ण रजिस्टर माझे आहे’ हे गृहीतक या ओळीत न लिहिता शिकविले जाते आणि तेच विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत उतरते. समांतर पोर्ट असलेले यंत्र आता प्रयोगशाळेत शोधून काढावे लागते. गृहीतकाला मात्र शोधावे लागत नाही.

सी भाषेच्या पुस्तकांकडे बोट दाखविणे येथे न्याय्य ठरणार नाही. नागपूरच्या यशवंत कानेटकर यांच्या ‘लेट अस सी’ वर आपल्या भागातील विद्यार्थ्यांच्या अनेक तुकड्या तयार झाल्या. बिटांवरील क्रिया त्यात सोप्या भाषेत दिल्या आहेत. भाषेच्या पुस्तकाचे काम भाषा शिकविणे एवढेच असते. मास्क लावून बिट उचलणे तेथे शिकावे. तो बिट उचलताना शेजारी कोण उभे आहे हे पुढच्या अभ्यासक्रमाने शिकवावे. तो पुढचा अभ्यासक्रम मध्येच कोठेतरी हरवतो.

रास्पबेरी पायमधील एक प्रकरण

आता एका प्रत्यक्ष संहितेकडे वळू. उदाहरण मुद्दाम रास्पबेरी पाय या यंत्राचे घेतले आहे, कारण महाविद्यालयीन प्रकल्पांत ते सर्वत्र दिसते आणि त्याची संहिता कोणालाही वाचता येते.

२०१२ साली आलेल्या पहिल्या रास्पबेरी पायमध्ये ब्रॉडकॉमची बीसीएम २८३५ ही चिप होती. तिला सर्वसाधारण उपयोगाच्या चोपन्न पिन-तारा आहेत. प्रत्येक पिन आदान आहे, प्रदान आहे की अन्य कामासाठी आहे हे ठरविण्यास तीन बिट लागतात. एका रजिस्टरमध्ये दहा पिन बसविलेले आहेत, म्हणजे तीस बिट. दोन बिट रिकामे. अशी सहा रजिस्टरे मिळून चोपन्न पिनांचा कारभार चालतो. दहा ते एकोणीस या क्रमांकांचे सर्व पिन एकाच रजिस्टरमध्ये राहतात हे लक्षात ठेवावे.

याच चिपमध्ये पिनवर एक वा शून्य काढण्याची व्यवस्था मात्र वेगळी आहे. त्यासाठी ‘चढविण्याचे’ व ‘उतरविण्याचे’ अशी दोन निराळी रजिस्टरे दिली आहेत. त्यांत ज्या बिटाच्या जागी एक लिहावा तेवढाच पिन बदलतो; जेथे शून्य लिहिले तेथे काहीच होत नाही. येथे आधी वाचण्याची गरजच उरत नाही, म्हणून स्पर्धाही उरत नाही. वेळापत्रकाच्या भाषेत सांगायचे तर संपूर्ण कागद चिकटविण्याऐवजी ‘मंगळवार, तिसरी तासिका’ एवढीच चिठ्ठी देण्याची ही सोय होय. चिप घडविणाऱ्यांनी ही सोय मूल्यासाठी केली, दिशेसाठी केली नाही. एकाच यंत्राच्या एकाच विभागात दोन प्रकारची रजिस्टरे शेजारी नांदतात आणि ड्रायव्हरमध्ये ती दिसायला सारखीच दिसतात. समीक्षकाने उपकरणाची माहितीपुस्तिका उघडल्याशिवाय हा भेद त्याच्या ध्यानी येणे शक्य नाही.

लिनक्समधील या चिपच्या ड्रायव्हरमध्ये पिनची दिशा बदलणारे एक लहानसे फंक्शन आहे. ते रजिस्टर वाचते. पिनची सध्याची दिशा हवी तीच असेल तर परत फिरते. जुनी व नवी या दोन्ही अवस्था आदानाहून वेगळ्या असतील तर आधी पिन आदान करते आणि मग हवी ती अवस्था लिहिते. म्हणजे एक वाचन आणि एक किंवा दोन लेखने. फंक्शन नीटनेटके आहे, त्यात वगळावे असे काही नाही, अधिक असावे असे काही प्रथमदर्शनी दिसत नाही.

मूळ व्यवस्थेत पिनची दिशा बदलण्याची विनंती कर्नेलच्या एका मधल्या थरातून जात असे आणि त्या थरात एक म्युटेक्स होता. म्युटेक्स हे असे लॉक आहे की ते मोकळे नसेल तर मागणाऱ्याला झोपावे लागते. पिनांची ही कामे न झोपता व्हावीत अशी ड्रायव्हरची ग्वाही होती, तेव्हा म्युटेक्स तिच्याशी विसंगत ठरत होता. म्हणून एका दुरुस्तीत मधला थर वगळून दिशा थेट ड्रायव्हरमधूनच बदलावी असे केले गेले. हेतू योग्य होता आणि बदल मोजक्या ओळींचा होता. परंतु तो म्युटेक्स स्वतःच्या थराचे रक्षण करता करता, कोठेही नमूद नसताना, दिशेच्या त्या सहा रजिस्टरांचेही रक्षण करीत होता. थर वगळला, लॉक गेले आणि लॉकबरोबर ते न नोंदलेले रक्षणही गेले. दोन गाभ्यांवर एकाच वेळी सतराव्या व अठराव्या पिनची दिशा बदलली जात असेल तर नंतर लिहिणारा आधीच्याचा बदल पुसून टाकू लागला.

हा दोष निव्वळ तर्कातला राहिला नाही. एचडीएमआय जोडणीतील सीईसी ही तार सामान्य पिनवरून चालविणारा एक ड्रायव्हर आहे. त्या तारेवर संकेत पाठविताना पिनची दिशा सतत पालटावी लागते. तेथे ही स्पर्धा प्रत्यक्ष आढळली आणि पुढे दिशेच्या रजिस्टरांसाठी स्वतंत्र स्पिनलॉक घालून ती दूर करण्यात आली. स्पिनलॉकमध्ये झोपणे नसते. मागणारा जागीच फिरत राहतो. इंटरप्टमधूनही हाक येऊ शकते म्हणून लॉक धरताना त्या गाभ्यावरील इंटरप्टही बंद केले जातात. नव्या लॉकच्या नावातच त्या रजिस्टरांचे नाव आहे आणि शेजारी ते कशाचे रक्षण करते याची टीप आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते या दुरुस्तीतील सर्वांत मोलाची गोष्ट ती टीप होय. पूर्वीचे लॉक कमी सक्षम नव्हते. ते कशासाठी आहे हे कोणी लिहून ठेवले नव्हते एवढेच.

समीक्षेच्या दृष्टीने हे प्रकरण बोधप्रद आहे ते याच कारणाने. समीक्षकासमोर येतो तो बदललेल्या ओळींचा उतारा. त्या उताऱ्यात रजिस्टरचा उल्लेख नव्हता, कारण रजिस्टरला हात लावणाऱ्या ओळी बदललेल्याच नव्हत्या. बदलला होता तो त्यांच्याकडे येण्याचा रस्ता. केवळ उतारा वाचणाऱ्यास, तो कितीही अनुभवी असो, हा दोष दिसणे अवघड होते. ‘या रस्त्याने येताना वाटेत कोणते दार होते आणि त्या दाराच्या आत काय काय ठेवलेले होते’ असे विचारणाऱ्यालाच तो दिसला असता. पहिला रास्पबेरी पाय एकाच गाभ्याचा होता, २०१५ चा दुसरा पाय चार गाभ्यांचा झाला; रजिस्टरांची मांडणी तीच राहिली. ज्या संहितेला एका गाभ्यावर क्वचितच धोका होता तिच्याभोवतीची वस्ती वाढली. जुन्या संहितेची समीक्षा एकदा झाली म्हणजे कायमची झाली असे मानता येत नाही ते यामुळेच.

लॉक कोणाला लागू पडते?

२००८ सालच्या एका प्रकरणाचा उल्लेख येथे करावासा वाटतो, कारण त्याने वरील प्रश्नाची व्याप्ती दाखवून दिली. कर्नेलच्या २.६.२७ या रूपाच्या चाचणीकाळात इंटेलच्या काही नेटवर्क-चिपांतील कायमस्वरूपी स्मृती बिघडू लागली आणि यंत्रे नेटवर्कला पारखी झाली. ही स्मृती ड्रायव्हर आणि चिपमधील अंगभूत संहिता असे दोघे वापरतात. आळीपाळीने वापर व्हावा म्हणून एका रजिस्टरमध्ये ‘सध्या माझ्याकडे आहे’ असे सांगणारा एक बिट ठेवलेला आहे. साहजिकच संशय प्रथम ड्रायव्हरवर गेला. त्याची कसून समीक्षा झाली आणि त्या बिटाच्या वापरात खरोखरच ढिलाई आढळली. ती दुरुस्त झाली. पण मूळ अपराधी तो नव्हता.

अपराधी निघाली ती कर्नेलमधील फंक्शनांचा माग काढणारी एक यंत्रणा. तिचा नेटवर्कशी काहीही संबंध नव्हता. तिने स्मृतीतील काही पत्ते नोंदवून ठेवले होते. त्या जागा पुढे मोकळ्या झाल्या आणि उपकरणाच्या रजिस्टरांना देण्यात आल्या. यंत्रणेला याची वार्ता नव्हती. ती त्या पत्त्यांवर ‘जुने मूल्य जुळले तरच बदल’ अशा अर्थाची आज्ञा चालवीत राहिली. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये मूल्य जुळले नाही तरी या आज्ञेत लेखनाची क्रिया घडतेच. स्मृतीच्या बाबतीत ती निरुपद्रवी, कारण जुनेच मूल्य परत लिहिले जाते. उपकरणाच्या रजिस्टरला मात्र लेखन म्हणजे हुकूम. २.६.२७ हे रूप ऑक्टोबर २००८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच महिन्यातील २.६.२७.१ मध्ये ती यंत्रणा बंद ठेवण्यात आली. ड्रायव्हरमध्ये चिपच्या स्मृतीला लेखनबंदी घालण्याचीही व्यवस्था केली गेली.

लॉक हा करार आहे. जे त्याला मानतात त्यांच्यातच तो चालतो. ज्याला रजिस्टरचे अस्तित्वच ठाऊक नाही अशा लेखकाला कोणतेही लॉक अडवू शकत नाही. म्हणून ‘आणखी कोण लिहिते?’ या प्रश्नात ड्रायव्हरमधील दुसरे फंक्शन, इंटरप्टमधून येणारी हाक, दुसरा ड्रायव्हर, चिपमधील अंगभूत संहिता, उपकरण स्वतः आणि अगदीच परका असा कोणी, या सर्वांचा समावेश होतो. शेवटच्या दोघांपुढे लॉक निरुपयोगी आहे. उपकरण स्वतः लिहिते तेथे तर समांतर गाभ्यांचीही गरज पडत नाही. ज्या रजिस्टरमध्ये एक लिहून घटनांची नोंद पुसली जाते त्यात कोणी वाचून-बदलून-लिहिले, तर नुकत्याच घडलेल्या आणि कोणी न पाहिलेल्या घटनांची नोंदही पुसली जाते. संहिता लॉकच्या आत असली तरी.

कर्नेलने या अडचणींवर काही सार्वत्रिक उपाय योजले आहेत. रेगमॅप नावाच्या थरात रजिस्टरमधील ठराविक बिट लॉकखाली बदलण्याचे एकच फंक्शन मिळते. तरीही याच थरातून आधी स्वतंत्रपणे वाचणारे आणि मग स्वतंत्रपणे लिहिणारे विद्यार्थी असतातच. दोन्ही क्रियांना आपापले लॉक असते, मधल्या वेळेला नसते. २०१२ साली आलेल्या घड्याळ-व्यवस्थेत प्रत्येक फाटकाच्या नोंदणीसोबत लॉकचा पत्ता मागितला जातो आणि तो रिकामा ठेवण्याचीही मुभा आहे. त्या रिकाम्या जागेचा अर्थ ‘या रजिस्टरमध्ये मी एकटाच आहे’ असा होतो. समीक्षकाने तेथे थांबून त्याचा पुरावा मागितला पाहिजे. रॉकचिपच्या चिपांत तर यंत्रानेच वाट काढली आहे : रजिस्टरचे वरचे सोळा बिट हे खालच्या सोळांपैकी कोणते बदलावयाचे ते सांगतात. उपाय देखणा आहे, मात्र माहितीपुस्तिका न वाचता अशा रजिस्टरमध्ये नेहमीच्या रीतीने लिहिले तर काहीच बदलत नाही आणि विद्यार्थी दिवसभर दोष शोधत बसतो.

अध्यापनाच्या अंगाने

लातूर पॅटर्नने महाराष्ट्राला सराव, वेळेचे नियोजन आणि अचूकता यांचे महत्त्व पटवून दिले. त्या पद्धतीविषयी आदर बाळगूनही एक निरीक्षण नोंदवावेसे वाटते. परीक्षेच्या प्रश्नात उत्तरासाठी लागणारी सर्व सामग्री प्रश्नातच असते. न लागणारी सामग्री ओळखून बाजूला ठेवणे हे कौशल्य मानले जाते आणि ते आहेही. सामायिक रजिस्टरच्या संहितेत मात्र उत्तर देणारी सामग्री प्रश्नाच्या बाहेर, दुसऱ्या फाइलमध्ये, कधी माहितीपुस्तिकेच्या तळटीपेत असते. समोर जे दिले आहे तेवढ्यावरच मन एकाग्र करण्याची जी सवय बारावीत गुण मिळवून देते तीच येथे दिशाभूल करते. दोष विद्यार्थ्यांचा नाही. पदवीच्या तीन वा चार वर्षांत आपणही त्यांना वेगळा प्रश्न विचारत नाही.

प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेत दिवा लागतो, मोटार फिरते, बहिःस्थ परीक्षक समाधानी होतात. स्पर्धास्थितीचा दोष हजारात एखाद्या वेळी प्रकट होणारा. दहा मिनिटांच्या प्रात्यक्षिकात तो कसा दिसावा? प्रात्यक्षिकाने सिद्ध होते ते एवढेच की, त्या दहा मिनिटांत दोन हात एकदम वहीवर पडले नाहीत. यासाठी यंत्रसामग्री वाढविण्याची गरज नाही. नांदेड वा लातूरच्या कोणत्याही महाविद्यालयात, वीज नसतानाही, छापील कागदावर ही समीक्षा करता येईल. एका गटाने लिहिलेला ड्रायव्हर दुसऱ्या गटास द्यावा आणि त्यांनी प्रात्यक्षिक वहीत एकच तक्ता भरावा : कोणते रजिस्टर, कोणते बिट, लिहिणारे कोण, कोणाच्या लॉकखाली. ‘लिहिणारे कोण’ हा रकाना भरताना गट एकमेकांच्या बाकांवर जाऊ लागतील, आणि तो गोंगाट परीक्षकाने खपवून घ्यावा.

कोणी म्हणेल की, पदवीच्या विद्यार्थ्याकडून कर्नेलच्या समीक्षेची अपेक्षा अवाजवी आहे. हा आक्षेप पूर्णतः फेटाळता येत नाही. सबंध कर्नेल वाचणे कोणालाच शक्य नाही. परंतु बीसीएम २८३५ च्या त्या एका फाइलमध्ये दिशा बदलणारे फंक्शन, त्याला हाक मारणारी ठिकाणे आणि त्या भोवतीचे स्पिनलॉक हे सारे एकत्र आहे. स्पिनलॉकच्या दोन ओळी खोडून ती पाने वर्गात वाटावीत आणि दहा ते एकोणीस या पिनांपैकी कोणतेही दोन निवडून, एकाचा बदल दुसऱ्याने पुसला जाईल असा पायऱ्यांचा क्रम लिहिण्यास सांगावे. गॅल्विनच्या काउंटरपेक्षा हा प्रश्न अवघड नाही. फरक इतकाच की, येथे उत्तर चार आहे की सहा हे पाहण्यासाठी तार जोडून मीटर लावता येतो.